गावभागातलं घर: राहायचं, वर सरकायचं की सांगलीच सोडायची?

कृष्णाथडी:
नमस्कार मंडळी. घरात हा विषय आता फारच तापलाय, म्हणून इथे लिहिते. सांगली-मिरजेकडची आणि इथून बाहेर गेलेली बरीच माणसं इथे आहेत, त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. आजेसासऱ्यांनी बांधलेलं घर आहे, दगडी जोतं आणि वर लाकडी माडी. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि अकरावीतला मुलगा. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहेत. धाकटे भाऊजी पुण्यात नऱ्ह्याला असतात. गणपती पेठेत आमचं भुसारी दुकान होतं, ते २०१९ च्या पुरानंतर आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बंद केलं.

भाऊजींचं म्हणणं, घर विकून टाकू, आई-आण्णांना पुण्याला नेऊ, तुम्हीही या, मुलाचं शिक्षण तिथेच होईल. आण्णांचं म्हणणं, मी गेल्यावर काय करायचं ते करा. मिस्टर दोघांचंही ऐकून घेतात आणि गप्प बसतात. जून आला की सामान माडीवर चढवणं, कागदपत्रं पिशवीत भरणं, आईंच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवणं हे सगळं माझ्याकडे. मला कुणी मत विचारलेलं नाही, पण मला मत आहे आणि ते मांडण्याआधी नीट पारखून घ्यायचं आहे.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी. पण प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो आणि तो घरातल्या लहान पोरालाही पाठ असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत फार लवकर पाणी येतं, तिथल्या लोकांना ४० ची वाट बघत बसता येत नाही. आमच्या उंबऱ्याला पाणी लागतं ते ५० ला. २००५ मध्ये पातळी ५३ च्या पुढे गेली, तेव्हा घरात मांडीभर पाणी होतं. मी नवी नवरी होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर गेली, तेव्हा तळमजला जवळजवळ बुडाला. २०२१ च्या जुलैत ५५ च्या आसपास, तेव्हा छातीएवढं. देवघराशेजारच्या भिंतीवर आण्णांनी खिळ्याने तीन रेघा ओढून साल लिहून ठेवलंय. २०१९ च्या रेघेला मला हात वर करूनच स्पर्श करता येतो.

पूर आला की टीव्हीवर बोटी दाखवतात. पाणी उतरल्यानंतरचं फारसं कुणी दाखवत नाही. गाळ ओला असतानाच खराट्याने ओढून बाहेर काढावा लागतो, एकदा वाळला की फरशीच्या सांध्यांतून खरवडत बसावं लागतं. सागवानी दारं फुगतात, दिवाळीपर्यंत कडी बसत नाही. प्लायवुडच्या कपाटाचे थर सुटून हातात येतात. भिंतीत मुरलेली ओल हिवाळाभर वर चढत राहते आणि रंगाचे पापुद्रे खाली पडतात. दुकानातली तूरडाळ आणि हरभरा पोत्यात फुगून पोती उसवली होती, आणि तो आंबलेला वास गणपती पेठेत कितीतरी दिवस होता. आण्णांनी दुकान बंद केलं ते त्या वासामुळे, असं मला आजही वाटतं. पैशाचं नुकसान त्यांनी २००५ मध्येही सोसलंच होतं.

प्रश्न फक्त पुराचा असता तर कदाचित सोपा होता. गल्लीसुद्धा बदललीय. ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरात आहेत त्यांची घरं कुलपात. काहींनी खालचा मजला गोडाऊनला भाड्याने दिलाय. आई संध्याकाळी ज्या कट्ट्यावर बसायच्या तिथे आता बसायला कुणी नाही. मग राहायचं ते नेमकं कशासाठी, असं मी स्वतःला विचारते. तरी सकाळी आण्णा गणपती मंदिरात चालत जाऊन येतात आणि वाटेत चार जण त्यांना थांबवून बोलतात, ते बघितलं की नऱ्ह्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा दिवस कसा जाईल ते डोळ्यासमोर येतं.

ज्यांनी असा निर्णय घेतलाय त्यांनी सांगा. विकून गेलात त्यांनी आणि थांबलात त्यांनीही.

वखारभाग:
ताई, विका. आम्ही २००५ च्या पुरानंतर वरच्या भागात, विश्रामबागला फ्लॅट घेतला. तेव्हा वडील माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हते. २०१९ ला सगळं गाव पाण्यात असताना आमच्या दोन खोल्यांत पंधरा-सोळा माणसं होती, मावशी, मामा, वडिलांचे दोन मित्र सहकुटुंब. वडील स्वतः सगळ्यांना चहा देत फिरत होते. त्यानंतर त्यांनी जुन्या घराचं नाव काढलं नाही.
तुमच्या घराचा आकडा ५० आहे. २००५ पासून तो तीनदा ओलांडला गेला. यापुढे ओलांडणार नाही असं कुणी लिहून देणार आहे का?

गलाईवाला:
मी खानापूर तालुक्यातला, सध्या कोइमतूरला. आमच्याकडे गाव सोडायचं की नाही हा प्रश्न वडिलांच्या पिढीतच निकालात निघाला, कारण प्यायलाच पाणी नव्हतं. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं काम. सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात छोटी खोली, भट्टी, मूस, तेजाबाचा धूर. वडील मिसरूड फुटायच्या आधी आले, आधी दुसऱ्याच्या दुकानात भट्टीवर, मग स्वतःचं दुकान. मी इथेच शाळेत गेलो, तमिळ मला मराठीइतकीच येते.

पण वडिलांनी एक गोष्ट कधी केली नाही, जमीन विकली नाही. कुसळं उगवणारी ती जमीन, भाऊबंद हसायचे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि आता त्याच रानात चुलतभावाचं डाळिंब आहे. विकली असती तर आज आम्ही गावात जत्रेला पाहुणे म्हणून गेलो असतो.
माझं मत, जा कुठेही, पण घर ठेवा. आपल्या जिल्ह्यात पाणी नाही म्हणून निघालेली माणसं आहेत आणि पाणी फार म्हणून निघालेलीही आहेत. परत यायला जागा असली की दोघांनाही बाहेर धीर राहतो.

वखारभाग:
@गलाईवाला, तुमचं पटतं, पण रान आणि घर यात फरक आहे. रान पडून राहिलं तरी रानच असतं. गावभागातलं लाकडी माडीचं घर दोन पावसाळे बंद ठेवलं तर वाळवी आणि ओल मिळून ते संपवतात. कौल सरकलं तर बघायला कोण? आमच्या शेजारचं घर असंच बसलं, शेवटी महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली.

काठावरचा_अभियंता:
मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो. भावनेचा भाग तुमच्या घराचा, त्यात मी पडत नाही. नदीचं तेवढं सांगतो, कारण तो हिशोब मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

सांगलीला पूर येतो तो फक्त कोयनेतून पाणी सोडल्यामुळे नाही. कोयना कराडला कृष्णेला मिळते हे खरं, आणि १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण भरत आल्यावर पाणी सोडावंच लागतं. पण धरणांच्या खाली जो पाऊस पडतो त्याला अडवणारं काहीच नाही. त्यात सांगलीच्या लगेच खाली हरिपूरला वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्या दोन्ही फुगलेल्या असल्या की कृष्णेला पुढे वाट राहत नाही, पाणी मागे तुंबतं. नदीचा उतार इथे अगदी मंद आहे. म्हणून सांगलीचं पाणी चढतं हळू आणि उतरतंही हळू. डोंगराकडच्या गावात पूर रात्रीत येऊन सकाळी जातो, तुमच्याकडे तो मुक्कामाला येतो.

चढतं हळू याचा एक फायदा आहे, कोयनेचं पाणी सांगलीला पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ हातात मिळतो. २०१९ ला बरेच लोक २००५ ची खूण धरून बसले. २००५ ला इथपर्यंतच आलं होतं, याच्या वर येणार नाही, असं म्हणत माडीवर थांबले आणि अडकले. जुनी खूण ही हमी नसते. तुमच्या सासऱ्यांनी भिंतीवर रेघा ओढल्या ते चांगलं केलं, पण चौथी रेघ कुठे येईल ते त्या तीन रेघा सांगत नाहीत.

दुसरं, विकायचं म्हणता तर आधी तुमचं घर पूररेषेच्या नकाशात कुठे येतं ते बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित. निषिद्ध पट्ट्यात असाल तर बिल्डर आज गोड बोलेल, पण परवानगीचं कारण सांगून भाव पाडेल. महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी दाखला घ्या, मग बोला.

सांगलीवाडी_९०:
सगळा घोळ कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा आहे. तिथली दारं वेळेवर उघडली असती तर २०१९ झालंच नसतं.

काठावरचा_अभियंता:
@सांगलीवाडी_९०, ही भावना सांगली-कोल्हापुरात घरोघरी आहे, मला माहीत आहे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र अलमट्टीला त्या पुराचं कारण धरलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर समितीचा भर होता. अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याला आपल्याकडून विरोध आहे आणि तो लढा लढलाच पाहिजे. पण त्या लढ्याचा निकाल लागेपर्यंत ताईंनी जूनमध्ये कुठे राहायचं, हा प्रश्न तसाच उरतो.

शामरावनगर:
वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. वहिनी, विकायचं की ठेवायचं हा प्रश्न तुम्हाला पडतो. आमचं घेणारंच कुणी नाही. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेला प्लॉट, वडिलांनी फंडाच्या पैशातून घेतला. इथे नदीला पूर नसला तरी नुसत्या पावसाने पाणी साचतं, पाणी निघायला वाटच नाही. रिकाम्या प्लॉटवर गवत, डबकी, साप. पूर आला की सगळ्यात आधी आम्ही. २०१९ नंतर एक गिऱ्हाईक आलं, त्याने जो भाव सांगितला त्यात विश्रामबागला एक खोली येत नव्हती.
मला एवढंच म्हणायचंय, की जे सुस्थितीत आहेत ते निघून गेले की मागे उरतो तो भाग आपोआप गरिबांचा होतो. मग गटार कुणी मागायचं, नगरसेवकाकडे कुणी जायचं? आमच्या कॉलनीत जे एक निवृत्त शिक्षक सगळ्या अर्जांमागे असायचे, ते मुलाकडे पुण्याला गेले. त्यानंतर एकही अर्ज गेलेला नाही. यात त्यांची चूक नाही, वय झालं होतं. पण फरक पडतो.

कृष्णाथडी:
@शामरावनगर, भाऊ, तुमचं म्हणणं मनाला लागलं. या बाजूने मी विचार केला नव्हता. आमच्या गल्लीत ती जागा आण्णांची आहे. शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत जातं त्यावर त्यांनी किती निवेदनं दिली असतील.

सिंहगडरोडवरून:
मूळची सांगलीची, माहेर खणभागात. पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली. दोन गोष्टी सांगते, दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली. आईला आम्ही २०१९ नंतर पुण्याला आणलं. सातवा मजला, सकाळी आम्ही दोघं ऑफिसला, मुलं शाळेत. आई गॅलरीत बसायची. खाली उतरली तर वॉचमनशी बोलायची, तो बिहारचा, हिला हिंदी येत नाही, तरी दोघं बोलायचे. भाजीवाल्याला ती विचारायची, कृष्णाकाठची वांगी का आणत नाहीस. एके दिवशी मला म्हणाली, इथे मला कुणी ‘कधी आलीस’ असं विचारत नाही. तिचं बीपी इथे आल्यावर वाढलं असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यांनी कारण विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी. मला सांगलीत माझ्या कामाची नोकरी मिळाली नसती. माझ्या मुलीला इथे जे बघायला, शिकायला मिळतं त्याची मला किंमत आहे. त्यामुळे ‘गाव सोडू नका’ असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि पुण्यात पूर नाही असं भाऊजी म्हणत असतील तर त्यांना २०२४ च्या जुलैची आठवण करून द्या. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आई टीव्ही बघत म्हणाली, मग मला इथे कशाला आणलंत?

मिरजवाली_सिस्टर:
मी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये परिचारिका आहे. ताई, तुम्ही घराचं, गल्लीचं, नदीचं सगळं लिहिलंत. सासू-सासऱ्यांचं वय आणि आजार लिहिले नाहीत. माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न तोच.

२०१९ ला आमच्याकडे पुरातून आणलेली म्हातारी माणसं आली. बुडालेलं कुणी नव्हतं. इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलं आणि वीज गेली, असे होते. डायलिसिस चुकलं, असे होते. माडीवर चार दिवस बसून राहिल्याने पाय सुजलेले, लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणीच न प्यालेल्या बायका. एका आजींना बोटीत उतरवताना खुब्याचं हाड मोडलं. पुराचं पाणी त्यांच्या घोट्यालाही लागलं नव्हतं.

पुण्याला जा म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याच्या दृष्टीने मिरजेइतकं सोयीचं गाव शोधून सापडणार नाही, अर्धा उत्तर कर्नाटक इथे येतो. पण जुलै ते सप्टेंबर त्यांना त्या घरात ठेवू नका. बाकी निर्णय सावकाश घ्या, हा लगेच घ्या.

कृष्णाथडी:
सिस्टर, आण्णा ७८ चे, आई ७३. आईंना साखर आहे, इन्सुलिन चालू. २०१९ ला पाणी चढत होतं तेव्हा ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटल्याची बातमी आली आणि आई बोटीत पाय ठेवायला तयार होईनात. मी त्यांच्या समोर बसून त्यांचे दोन्ही हात धरले, तेव्हा आल्या. पुन्हा तशी वेळ आली तर मला जमेल की नाही माहीत नाही. हे मी घरात कधी बोलले नाही.

हरिपूरचा_पाटील:
ताई, आमच्याकडं हळदीची पेवं व्हती. जमिनीत खणलेली, हळद त्यात वर्सानुवर्सं ठेवली तरी किडत नव्हती, अशी आमची माती. २००५ ला पाणी शिरलं न् पेवातली हळद कुजली. मग व्यापारी गोडाऊनला गेलं, कोल्ड स्टोरेजला गेलं. पेवं गेली. पन सांगलीचा हळदीचा बाजार गेला न्हाई. आजबी सौदं निघत्यात, राजापुरीला भाव हाय, २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हंजी भौगोलिक मानांकन मिळालं. ठेवायची जागा बदलली, गाव बदललं न्हाई. माणसाचंबी तसंच करा की. नदीपासनं चार पावलं लांब जावा, पन गाव कशाला सोडताय?

कृष्णाथडी:
काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले आणि मिस्टरांनाही वाचायला दिले. पाटील, तुमचं वाचून ते पहिल्यांदा बोलले. ते म्हणाले, आपण एकाच प्रश्नावर भांडतोय असं वाटतं, पण प्रश्न दोन आहेत.

मला ते लगेच पटलं. घर सोडायचं का हा एक प्रश्न, सांगली सोडायची का हा दुसरा. आमच्या घरात ते दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत, की भाऊजी ‘घर धोक्याचं आहे’ म्हणतात आणि त्यातून एकदम ‘पुण्याला चला’ निघतं. आण्णा ‘गाव सोडणार नाही’ म्हणतात आणि त्यातून ‘याच घरात राहणार’ निघतं. दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. आण्णांना रोजचं गणपतीचं दर्शन हवंय, पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, भावे नाट्यमंदिरात जायचंय, भाद्रपदात मंदिरातला चोर गणपती (गाजावाजा न करता बसवतात तो) कधी बसतो ते कुणी न सांगता कळायला हवंय. यातलं काहीही करायला ५० फुटांच्या उंबऱ्याआड झोपायची गरज नाही. आणि भाऊजींना आई-वडील सुरक्षित हवेत, त्यासाठी नऱ्हे लागत नाही.

मुलालाही विचारलं, त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो म्हणाला, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागला तर इथेच, नाही तर जिथे लागेल तिथे. माझ्यासाठी घर हलवू नका, मी होस्टेलवर राहीन. मग हळूच म्हणाला, पण सुट्टीला यायला सांगली पाहिजे.

सिंहगडरोडवरून:
शाब्बास त्याला! आणि आता पुणं पूर्वीएवढं लांब राहिलेलं नाही. कोल्हापूर-पुणे वंदे भारत मिरज, सांगलीला थांबते. रोज नाही, पण आहे. भाऊजींना आई-वडिलांना भेटायला यायचं असेल तर शनिवार-रविवार पुरतो.

वखारभाग:
ताई, विचार नीट चाललाय, पण ‘वर सरकू आणि जुनंही ठेवू’ याला दुप्पट पैसे लागतात, ते आधी मांडा. विश्रामबाग, वॉन्लेसवाडीकडचं भाडं दर पुरानंतर चढलंय. दोन घरपट्ट्या, दोन वीजबिलं, जुन्या घराची डागडुजी वेगळी. विकलं तर त्या पैशात वर फ्लॅट होतो, हा सरळ हिशोब मी केला होता.

विकणार असाल तर कागद आधी बघा. आजेसासऱ्यांचं घर म्हणजे मालमत्ता पत्रकावर कुणाकुणाची नावं आहेत? आण्णांच्या बहिणी असतील तर त्यांचं हक्कसोडपत्र झालंय का? घर २००१ च्या आधीचं आहे, त्यामुळे १ एप्रिल २००१ रोजीची किंमत मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून काढून घ्या, करात त्याचा उपयोग होतो. आणि दोघा भावांत वाटणी कशी, हे विकायच्या आधी लिहून ठेवा. नंतर बोलायचं म्हटलं की माणसं तुटतात.

कृष्णाथडी:
नावांवर आण्णांच्या दोन बहिणी आहेत. हक्कसोड झालेलं नाही. एक आत्या इचलकरंजीला, एक बेळगावला. म्हणजे आज विकायचं ठरवलं तरी आज होणारच नव्हतं, आणि आम्ही मात्र उद्याच ट्रक येणार असल्यासारखे भांडत होतो.

शामरावनगर:
वहिनी, एक विनंती. घर भाड्याने दिलंत तर तळमजल्यावर राहायला कुटुंब ठेवू नका. आमच्याकडे असे भाडेकरू येतात, स्वस्त मिळतं म्हणून. त्यांना आकडा कुणी सांगत नाही आणि पहिल्या पुरात त्यांचं सगळं जातं.

कृष्णाथडी:
नाही ठेवणार, भाऊ. खाली कुणाला राहायला द्यायचंच नाही. ठरलंय ते असं, अजून कच्चं आहे पण आण्णांनी मान हलवली आहे.

या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत विश्रामबागच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने. आम्ही सगळे तिथे. भाऊजी अर्धं भाडं देतो म्हणाले, मला त्याचं फार बरं वाटलं. दिवाळीला परत गावभागात. असे एक-दोन पावसाळे काढू, मग विकायचं की ठेवायचं ते ठरवू. तोवर आत्यांची कागदपत्रं मार्गी लावू आणि पूररेषेचा दाखला काढू. आण्णांची एकच अट, रोज सकाळी मंदिर. ती मी मान्य केली, त्यांना कोण पोहोचवणार ते बघते. आणि निवेदनांची फाइल ते सोबत घेऊन येणार आहेत. @शामरावनगर, तुमच्या कॉलनीतल्या पाण्याचा अर्ज लिहून द्यायला आण्णा तयार आहेत, अक्षर अजून सुरेख आहे त्यांचं. व्यक्तिगत निरोप करा.

आता मदत हवी आहे ती फ्लॅटची. पहिला किंवा दुसरा मजला, आईंचे गुडघे दुखतात. कुणाच्या माहितीत असेल तर सांगा.

मिरजवाली_सिस्टर:
वॉन्लेसवाडीत माझ्या नणंदेच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक रिकामा आहे. लिफ्टला जनरेटर आहे की नाही ते विचारून कळवते. तुम्ही आईंच्या इन्सुलिनसाठी एक छोटा बर्फाचा डबा आत्ताच घेऊन ठेवा, वरच्या भागातही वीज जाते. इन्सुलिन बर्फाला थेट टेकवू नका, मध्ये फडकं ठेवा.

हरिपूरचा_पाटील:
सामान हलवायला टेम्पो लागला तर सांगा. मेच्या शेवटच्या आठवड्यात करा, जूनमदी सगळ्यांस्नी एकदमच टेम्पो पायजे असतो न् भाडं वाडतंय.

वखारभाग:
आण्णांच्या मंदिराचं अवघड नाही. मिरज रोडवर सिटी बस आणि वडाप (शेअर) रिक्षा पहाटेपासून असतात. माझे वडील आठवड्यातून दोनदा जातात, सहाच्या सुमारास निघतात. आण्णांना चालणार असेल तर दोघं बरोबर जातील, मी त्यांना विचारून ठेवतो.

कृष्णाथडी:
@वखारभाग, जरूर विचारा. @सिस्टर, रविवारी फ्लॅट बघायला येतो, आई-आण्णांना घेऊनच. भाडं आणि डिपॉझिट किती ते तेवढं आधी कळवा.